घरी भरलेलं काडतूस आणि डब्यावरचा वेग

.३०-०६ स्प्रिंगफील्ड या रायफलीच्या काडतुसाच्या, १८० ग्रेन (वजनाचं छोटं एकक) गोळीच्या फॅक्टरी डब्यावर बहुधा सेकंदाला २७०० फूट वेग छापलेला असतो. तो २४ इंची चाचणी-नळीतला. अमेरिकेतल्या बऱ्याच शिकारी रायफलींची नळी २२ इंची असते, आणि या काडतुसात नळी इंचभर आखूड झाली की साधारण २०-२५ फूट वेग जातो. तेव्हा तुमच्या घरी भरलेल्या काडतुसाला २६५० दिसले तर काहीच बिघडलेलं नाही. डब्यावरचा आकडा गाठायला पावडर वाढवत नेणं, ही नवशिक्यांची ठरलेली चूक. (भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारच बंद आहे, हे सगळं तिकडचं.)

आधी फॅक्टरीच्या दहा काडतुसांचा वेग मोजा. तुमची दहाही त्याच रायफलीतून, त्याच दिवशी, त्याच वजनाच्या गोळीची. दोन्ही सावलीत ठेवा. तापलेल्या चेंबरमध्ये (नळीतली काडतूस बसायची जागा) काडतूस मिनिटभर राहिलं तरी पावडर गरम होऊन वेग चढतो. तीन बारांच्या सरासरीवर विसंबू नका.

प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) नळीच्या तोंडापासून १०-१५ फुटांवर मांडा. जवळ असला तर तोंडाचा धमाकाच मोजला जातो. दोन सेन्सरांमधलं अंतर टेपने तपासा. दोन फुटांत अष्टमांश इंच चुकला, तर २७०० वर १४ फुटांची चूक होते. नळीला बांधायचा क्रोनोग्राफ वेग नीट देतो, पण गोळी लागायची जागा सरकवतो. त्यामुळे नेम त्याच्यासकट जुळवू नका.

भरताना पुंगळ्या (काडतुसाची पितळी कवचं) एकाच लॉटच्या घ्या. बोल्ट रायफलीसाठी (हाताने बोल्ट उचलून मागे ओढायची) पुंगळी रिसाइझ करताना, म्हणजे साच्यात दाबून पुन्हा मापात आणताना, खांदा (ती निमुळती होते ती जागा) दोनेक थाऊच (इंचाचा हजारावा भाग) मागे न्या; फार ढकललात तर पुंगळी बुडाजवळ ताणली जाऊन पुढे तिथेच तुटते. लांबी २.४९४ इंचांच्या वर गेली की २.४८४ वर कापा, नाहीतर तोंड चेंबरमध्ये दबून गोळी आवळली जाते आणि दाब उसळतो. पावडरचं माप त्याच गोळीच्या छापील मॅन्युअलमधूनच घ्या, तेही सुरुवातीच्या मापापासून. टेबलावर पावडरचा डबा एकच. गोळ्या बसवण्यापूर्वी ट्रेमधल्या सगळ्या पुंगळ्यांत टॉर्च मारून पातळी बघा. एखादी रिकामी किंवा दुप्पट भरलेली तिथेच सापडते.

पुढे अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने चढा आणि प्रत्येक पायरीला वेग लिहा. मॅन्युअलमधल्या कमाल मापाच्या आधीच तिथला कमाल वेग आला, तर दाबही पोचलाय असं समजा आणि थांबा. प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) कडेला गोल दिसतोय हा दाब ठीक असल्याचा पुरावा नव्हे, तो सपाट होतो तो उशिराच. बोल्ट जड उचलला जातोय किंवा पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा दिसतोय, तर उरलेली काडतुसं पुलरने (गोळी ओढून काढायच्या साधनाने) उघडा.

शेवटी तुमचा वेग फॅक्टरीपेक्षा ६० फूट कमी निघाला, तर त्याच काडतुसांनी २०० यार्डांवर नेम जुळवलेल्या रायफलीत ३०० यार्डांवर गोळी सुमारे अर्धा इंच खाली लागेल. हरणाला त्याने काही फरक पडत नाही.