टॅटूत मराठी अक्षरं हवीत? मग या चुका टाळा

"दादा, फक्त नाव तर आहे, दहा मिनिटांचं काम." हे ऐकलं की मी आधी चहा सांगतो. कारण नावाच्या टॅटूत जितके घोळ होतात, तितके वाघाच्या चेहऱ्यात होत नाहीत. वाघाची मिशी थोडी इकडेतिकडे झाली तर कुणाच्या बापाला कळत नाही. वेलांटी हलली तर रिक्षावालाही मान वळवून सांगतो.

अकरा वर्षं टॅटू काढतोय. बिघडलेली कामं दुरुस्तीला येतात तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सुई धरणाऱ्याचा हात चांगलाच असतो. गडबड त्याआधीच झालेली असते, कागदावर, स्क्रीनवर नाहीतर भिडेपोटी.

मोबाइलवर बरोबर, स्टेन्सिलवर चूक

तुम्ही व्हॉट्सअॅपवर 'कीर्ती' असं टाइप करून पाठवता. आर्टिस्ट ते उचलून डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतो. तिथे भारतीय लिप्यांचं सेटिंग चालू नसेल तर अक्षरं एकमेकांना धरत नाहीत. रफार खाली उतरून पाय मोडलेला 'र' होतो. 'शिव'मधली पहिली वेलांटी 'श'च्या डावीकडे असायची ती उजवीकडे जाऊन बसते. जोडाक्षरांचे तुकडे पडतात. मराठी वाचणाऱ्याला हे एका नजरेत खटकतं, पण या धंद्यात देशभरातली मुलं आहेत आणि त्यातल्या काहींना देवनागरी वाचता येत नाही. त्यांच्या दृष्टीने ते अक्षर नसतं, चित्र असतं. चित्र ते हुबेहूब काढतात, चुकीसकट.

म्हणून नुसता टाइप केलेला शब्द पाठवू नका. कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्याचा फोटो पाठवा, सोबत स्क्रीनशॉट जोडा. वळणही बघा. बऱ्याच फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. आपला 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा. राज्य सरकारच्या २०२२च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं आहेत. मनगटावर 'बाळ' लिहायचं असेल तर प्रश्न येत नाही, पण 'शीतल' लिहायचं असेल तर दोन्ही अक्षरांत फसगत होऊ शकते. 'कऱ्हा', 'गोऱ्हे' असल्या शब्दांतला अर्धा 'ऱ्' तर अनेक फॉन्टमध्ये धड येतच नाही.

मग शुद्धलेखन. एक पोरगा 'आई-बाबांचा आर्शीवाद' घेऊन आला. रफार 'शी'वर होता, मलाही घाईत ते बरोबरच वाटलं. स्टेन्सिल, म्हणजे सुई लावायच्या आधी कातडीवर उमटवायचा डिझाइनचा छाप, दंडावर चिकटवली, त्याने फोटो काढून बहिणीला पाठवला. दोन मिनिटांत तिचा फोन. "अरे, रफार 'वा'वर असतो! आशीर्वाद!" स्पिरिटने जांभळी शाई पुसली, नवीन स्टेन्सिल काढली. बहीण त्या वेळी लेक्चरला बसलेली असती तर तो आयुष्यभर फुल शर्ट घालून फिरला असता. तेव्हापासून माझा नियम आहे की मजकूर तिघांनी वाचायचा. मी, गिऱ्हाईक आणि तिसरा कुणीतरी, ज्याने डिझाइन आधी पाहिलेलं नाही. आपण लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं. जन्मतारीख असेल तर १ आणि ९ वेगळे दिसतायत ना, तेही बघायचं.

मोडी लिपीचं याहून अवघड. हल्ली मोडीत नाव हवं असणारे खूप येतात आणि वेबसाइटवरून मिळालेलं चित्र दाखवतात. ते बरोबर आहे की नाही हे त्यांना वाचता येत नाही आणि मलाही येत नाही. अशा वेळी मोडी वाचणाऱ्या लिप्यंतरकाराकडून लिहून आणल्याशिवाय मी सुईला हात लावत नाही. चार दिवस जास्त लागतात, लागू देत.

"थोडा छोटाच काढ ना"

शाई त्वचेच्या दुसऱ्या थरात जाते, साधारण दीड-दोन मिलिमीटर खोल. ती तिथेच राहते, पण वर्षांगणिक किंचित पसरते. रेघ जाड होते आणि दोन रेघांमधली फट बुजत जाते. रोमन अक्षरांना हे त्यातल्या त्यात झेपतं, देवनागरीला महागात पडतं. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांच्यात फरक किती? डोक्यापाशी एवढीशी गाठ आणि फट. ती बुजली की 'धनश्री'ची 'घनश्री' होते. हे मी कल्पनेने सांगत नाही. माझ्याच सुरुवातीच्या एका कामाचं सहा वर्षांनी असं झालेलं मी पाहिलंय. ती बाई हसत होती, मला मात्र हसू येईना.

सगळ्यात जास्त वाद होतो तो शिवरायांच्या राजमुद्रेवरून. अष्टकोनात 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता' पासून 'मुद्रा भद्राय राजते' पर्यंत पूर्ण मजकूर हवा, आणि जागा मनगटावर, पाच रुपयांच्या नाण्याएवढी. च्चं, र्धि, ष्णु, र्वि, श्व, स्यै, द्रा, एवढी जोडाक्षरं त्या जागेत बसत नाहीत. आज बसवून देणारा भेटेलही आणि ताज्या कामाचा फोटो झकास येईल. पाच वर्षांनी ते अष्टकोनी लासं दिसेल. राजमुद्रा हवी असेल तर पाठ, दंड किंवा पोटरी द्या, तळहाताएवढी जागा द्या. तेवढी जागा नसेल तर मुद्रेतली एकच ओळ घ्या. जोडाक्षर असेल तर एका अक्षराची उंची सेंटिमीटरच्या खाली मी नेत नाही. कुणी "आरामात होईल" म्हणालं, तर त्याला तीन-चार वर्षं जुन्या कामाचे फोटो मागा. ताज्या कामाचे नकोत, ते सगळ्यांचेच छान असतात.

माझ्या आजीच्या हातावर गोंदणारणीने काढलेली तुळस होती. सगळी हिरवट निळी झाली होती, पण शेवटपर्यंत तुळसच दिसायची. कारण त्यात जेमतेम पंधरा ठिपके आणि सहा रेघा होत्या.

भीड

डिझाइन दाखवलं की दहातले सात जण "मस्त" म्हणतात. त्यातले तीन घरी जाऊन मेसेज करतात, "दादा, काहीतरी मिसिंग वाटतंय." भीड भिकेची बहीण. कागदावर बदल फुकट आहे, स्टेन्सिलवर दहा मिनिटांचा आहे, कातडीवर नाही. त्यामुळे तोंडावर बोला, पण नेमकं बोला. "काहीतरी वेगळं कर" यातून मला काही कळत नाही. "वेलांटी फार लांब गेली, त्रिशूळ अक्षरापेक्षा मोठा वाटतोय" यातून कळतं. किती वेळा बदल करून मिळतील आणि अॅडव्हान्स कशासाठी आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी तो परत मिळत नाही, कारण तो चित्र काढायच्या मेहनतीचा असतो.

दुसऱ्या कुणाच्या अंगावरचा टॅटू आणून "सेम टू सेम" मागू नका. त्यातलं काय आवडलं ते सांगा: रेघ, मोकळी जागा की अक्षराचं वळण. आणि आई, बाबा, दोघांच्या तारखा, हृदयाच्या ठोक्यांची रेघ, मोरपीस, उडणारे पक्षी हे सगळं एकाच हातावर मागितलंत तर ते लग्नपत्रिकेसारखं दिसेल.

स्टेन्सिल लागल्यावर

घाई करू नका. उठा, हात सैल सोडून उभे राहा. टेबलावर हात पालथा ठेवून सरळ दिसणारी शिरोरेषा हात खाली सोडला की वळते, कारण कोपरापासून मनगटापर्यंतचं मांस फिरतं. आरशात अक्षरं उलटी दिसतात, म्हणून दुसऱ्याकडून मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढून घ्या. नाव तुम्हाला वाचायचंय की समोरच्याला, हेही आत्ताच ठरवा. स्टेन्सिल तिरकी वाटली तर पुसायला सांगा. तीनदा पुसायला लावलं तरी चालतं, चांगला आर्टिस्ट कुरकुर करत नाही.

वेळ चुकणं

१९ फेब्रुवारीच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे रांग लागते. त्या गर्दीत शांतपणे स्पेलिंग कोण तपासणार? गणपतीच्या तोंडावर तर ढोलवाली पोरं येतात. ताज्या खांद्यावर ढोलाचा पट्टा, वरून घाम आणि गुलाल, म्हणजे खपल्या पट्ट्याबरोबर निघतात आणि अक्षराला भोकं पडतात. वरची कातडी भरायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर पोहणं, समुद्र, कडक ऊन बंद. हळदही लावायची नाही, घरचे कितीही म्हणाले तरी.

सैन्यात भरती व्हायचं असेल तर जागा निवडण्याआधी भरतीचे नियम वाचा. ठरावीक जागा सोडून कायमचा टॅटू तिथे चालत नाही.

बिघडलंच तर

रेघ मधेच फिकी पडली असेल तर घाबरू नका. चार ते सहा आठवड्यांनी टचअपमध्ये भरून निघते, त्याआधी पुन्हा सुई लावू देऊ नका. रेघेभोवती निळसर धूर पसरलाय, म्हणजे सुई जास्त खोल गेली. तो पुसता येत नाही, पण शेजारी सावली भरून झाकता येतो. अनुस्वार किंवा मात्रा राहिली असेल तर घालता येते. जास्तीची रेघ काढता येत नाही आणि ऱ्हस्वाची दीर्घ वेलांटी करणं म्हणजे अक्षराची बाजूच बदलणं. तिथे एकतर शब्द डिझाइनमध्ये लपवायचा, म्हणजे मूळच्या दुप्पट-तिप्पट मोठं आणि गडद चित्र. नाहीतर लेझर. त्याला महिने लागतात, दुखतं, आणि काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते. लेझरने थोडं फिकं करून मग झाकणं मला जास्त पटतं, चित्र त्यामानाने लहान ठेवता येतं.

लाली वाढत चालली, पू आला, ताप भरला, तर मला फोटो पाठवत बसू नका. डॉक्टर गाठा, मला नंतर कळवा.