नेट ‘हॅक’ झालंय म्हणण्याआधी: घरच्या वायफायच्या या चुका टाळा

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत कोणाचं नेट रुसलं की माझी बेल वाजते. गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरचे काका आले ते निकाल हातात घेऊनच. “आपलं वायफाय हॅक झालंय. समोरच्या विंगमधली पोरं. मला ठाऊक आहे.”

खाली जाऊन बघितलं तर राउटर लोखंडी कपाटाच्या मागे. सहा-सात वर्षांपूर्वी कंपनीचा माणूस बसवून गेला, त्यानंतर त्याला फक्त दिवाळीत फडकं लागलेलं. आजवर पाहिलेल्या बहुतेक तक्रारींची सुरुवात इथेच होते. बसवणाऱ्याने जे ठेवलं तेच चालू असतं आणि आत डोकावायचं असतं हेच कोणी सांगितलेलं नसतं.

आधी टाचणी खाली ठेवा

नेट गेलं की लोकांचा हात राउटरच्या मागच्या बारीक भोकाकडे जातो. ते रीसेट. रीस्टार्ट नव्हे. दहा-पंधरा सेकंद दाबलंत तर राउटर नव्यासारखा कोरा होतो. कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड त्यात भरलेले असतील तर तेही जातात. मग ऑपरेटरचा माणूस येईपर्यंत बसा.

त्याआधी दिवे बघा. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर फायबरमधून येणारा प्रकाश घरापर्यंत पोचतच नाहीये. पुण्यात अशा वेळी खिडकीतून खाली बघावं, रस्ता पुन्हा खणलाय का ते.

तो दिवा विझलेला असेल तर ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. पान उघडलं म्हणजे घरातली जोडणी ठीक आहे, घोटाळा पुढे कुठेतरी आहे. लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, लॅपटॉपने आपल्या मनाने एक धरलाय. आणि इंटरनेटवरच्या १.१.१.१ या पत्त्याला पिंग (पलीकडून उत्तर येतं का ते बघायची हाक) जातंय पण एकही साइट उघडत नाही, असं झालं तर बहुधा डीएनएस बिघडलाय.

डीएनएस म्हणजे पेठेतल्या चौकातला पानवाला. तुम्ही नाव सांगता, तो घर दाखवतो. तो गप्प बसला तर नेट ‘बंद’ वाटतं. तो खोटं बोलायला लागला तर मात्र तुम्ही भलत्याच वाड्यात शिरता, आणि तिथेही पाटी बँकेचीच असते. अशा वेळी ब्राउझर प्रमाणपत्र जुळत नसल्याचा इशारा देतो. ‘तरीही पुढे जा’ दाबू नका.

पानवाल्याला कोण फितवतं? ज्याच्या हाती राउटरचं सेटिंग आहे तो. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या पानाचा वेगळा. हा दुसरा बऱ्याच घरांत अजून ‘अ‍ॅडमिन’च असतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते जेमतेम साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्डांच्या जोड्या वापरून. म्हणून हा पासवर्ड आधी बदला, आणि त्याच पानावर फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट आलंय का तेही बघा.

मोबाइल नंबर हा पासवर्ड नाही

काकांचा वायफाय पासवर्ड म्हणजे त्यांचा मोबाइल नंबर. “दहा आकडे आहेत की!” आहेत, पण आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतात. म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. एखादा फोन वायफायला जोडला जाताना जी देवाणघेवाण होते ती कोणी हवेतून टिपली, की पुढचं काम तो घरी बसून करतो. तुमच्या जिन्यात उभं राहायची गरज नाही. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो पासवर्ड तपासतं, त्यामुळे ४०० कोटी हा काही तासांचा मामला. शिवाय काकांचा नंबर सोसायटीच्या नोटीस बोर्डावरच लिहिलेला आहे! पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा, लक्षातही राहतात.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ अंकी दिसतो, पण राउटर त्याचे दोन भाग वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा अंक नुसता पडताळणीचा असतो. त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११ पासून जगजाहीर आहे.

सुरक्षेच्या यादीत डब्ल्यूपीए३ दिसलं तर तेच निवडा, जुनी उपकरणं असतील तर डब्ल्यूपीए२ सोबतचा मिश्र पर्याय. डब्ल्यूईपी ही सगळ्यात जुनी पद्धत, ती २००१ मध्येच फुटली. एका जुन्या प्रिंटरसाठी अख्खं घर त्यावर ठेवणारे लोक मी पाहिलेत. प्रिंटरला केबल लावा.

वायफायचं नाव लपवणं आणि मॅक फिल्टर (उपकरणाचा मॅक पत्ता, म्हणजे ओळख-क्रमांक, बघूनच आत घेणं) ही मात्र शोभेची कुलपं. नाव लपवलंत तर तुमचाच फोन लक्ष्मी रोडवरही ‘अमुक वायफाय, आहेस का?’ असं विचारत फिरतो. मॅक पत्ता तर हवेत उघडाच असतो, नक्कल करायला मिनिटही लागत नाही. वर अलीकडचे फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक दाखवतात, त्यामुळे फिल्टरमध्ये अडकते ती घरचीच मंडळी.

दुसरा राउटर

आतल्या खोलीत रेंज नाही म्हणून आणखी एक राउटर घेतात आणि केबल दिसेल त्या भोकात खोचतात. दोन्हीकडे ‘लॅन’ लिहिलेल्या भोकातच गेली तर दोघंही पत्ते वाटायला लागतात. निम्म्या घराला नेट, निम्म्याला नाही, आणि दर तासाला निम्मं घर बदलतं. दुसऱ्याला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाका, पत्ते एकानेच वाटू द्यावेत. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा फार आत जात नाही, तिथे २.४ वापरा. त्यात चॅनल १, ६ किंवा ११ च ठेवा, मधले शेजाऱ्यांच्यात मिसळतात.

काकांकडे मी जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. बारा. “बघ!” काका म्हणाले. मोजत गेलो. टीव्ही, दोन टॅब, गीझरचा स्मार्ट प्लग. काकांचाच फोन दोनदा, एकदा खऱ्या मॅकने आणि एकदा बनावट. असं करत अकरा जुळले. बाराव्याचं नाव वाचून काका जरा गप्प झाले. समोरच्या विंगमधला मुलगा खरंच होता.

“लॉकडाउनमध्ये त्याचा ऑनलाइन पेपर होता,” काकू आतून म्हणाल्या, “तुम्हीच तर दिला होतात पासवर्ड.”

राउटर कपाटामागून काढून हॉलमधल्या फडताळावर ठेवला, आणि त्या मुलासाठी गेस्ट नेटवर्क सुरू करून दिलं. त्याचा पासवर्ड काकांनी स्वतः ठरवला. पहिल्यांदा त्यांनी टाइप केला तो पुन्हा मोबाइल नंबर, या वेळी काकूंचा.