खाडीपासून मिठागरापर्यंत: आयनांचा सक्रियता गुणांक काढताना या चुका टाळा

द्रावणातला आयन त्याच्या सांद्रतेच्या मानाने प्रत्यक्षात किती परिणाम करतो, ते सक्रियता गुणांक (गॅमा) सांगतो. तो काढायचं डिबाय-ह्युकेलचं १९२३ चं सूत्र पाठ असतं, म्हणून ते दिसेल त्या पाण्याला लावलं जातं. २५ अंशांना लॉग गॅमा म्हणजे उणे ०.५०९ गुणिले भाराचा वर्ग गुणिले आयनिक स्ट्रेंथचं (सगळ्या आयनांची भारानुसार एकत्र मोजलेली सांद्रता) वर्गमूळ. हे फार तर ०.०१ आयनिक स्ट्रेंथपर्यंत खरं. जांभ्यातल्या गोड्या विहिरीला चालून जातं. समुद्राच्या पाण्याची आयनिक स्ट्रेंथ मात्र ०.७ च्या आसपास असते. तिथे या सूत्राने कॅल्शियमचा गुणांक ०.०२ येतो, त्याच्या सुधारित रूपाने, म्हणजे डेव्हिसच्या सूत्राने, ०.३२. पाणी तेच, फरक सोळापट!

डेव्हिसचा पल्लाही ०.५ पर्यंतच. पावसाळ्यात खाडीचं पाणी या मर्यादेच्या आत येतं, मे महिन्यात बाहेर जातं. म्हणून ऋतूप्रमाणे सूत्र बदलू नका, नाहीतर आलेखात दिसणारी उडी पाण्याची की सूत्राची ते कळत नाही. वर्षभराच्या नोंदींना सरळ पित्झर (खाऱ्या पाण्यासाठीचं, कोणते आयन एकत्र आहेत त्याप्रमाणे वेगळे गुणांक वापरणारं सूत्र) लावावं.

शिरोड्याच्या किंवा उरणच्या मिठागरात तर पर्यायच नाही. मीठ धरायला लागलेलं पाणी साधारण ६ मोलाल (एक किलो पाण्यामागे ६ मोल मीठ). डेव्हिस तिथे सोडियम क्लोराइडला ३.६ देतो, मोजलेली किंमत १ च्या जरा खाली. कारण डेव्हिसच्या सूत्रातलं ०.३ गुणिले आयनिक स्ट्रेंथ हे पद अनुभवाने जोडलेलं ठिगळ आहे. सोडियम आणि पोटॅशियम यांत ते फरकच करत नाही.

सूत्र बरोबर निवडूनही उत्तर चुकतं ते बहुधा एककांमुळे. संपृक्त मिठाच्या पाण्याचा एक लिटर सुमारे १.२ किलो भरतो. त्यात मीठ ३१६ ग्रॅम, पाणी जेमतेम ०.८८ किलो. म्हणजे ५.४ मोल प्रतिलिटर, पण ६.१ मोलाल. विहिरीच्या पाण्यात हा फरक दिसत नाही, म्हणून सवय लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये घनता न भरता मिलिग्रॅम प्रतिलिटर दिलं, तर ते घनता १ धरून पुढे जातं आणि चूक दाखवत नाही. प्रयोगशाळेने अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषायची क्षमता) कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात दिली असेल, तर बायकार्बोनेटसाठी १.२२ ने गुणा.

धन आणि ऋण भारांत ५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल, तर आधी अहवाल तपासा. क्लोराइडचा आकडा बदलून ती मिटवून मॉडेल चालवणं म्हणजे मोजमापातली चूक झाकणं.

आणखी एक हमखास घोळ: पित्झरच्या गुणांकांत सोडियम-सल्फेटची ओढ आधीच मोजलेली असते. वर त्याची आयन-जोडीही (दोघे चिकटून एकच कण, असं धरून) दिली, की तीच गोष्ट दोनदा धरली जाते. एका डेटाबेसमधले स्थिरांक दुसऱ्यात चिकटवले की नेमकं हेच होतं.

स्वतः कोड लिहिला असेल, तर २५ अंशांना शुद्ध सोडियम क्लोराइडवर तपासा: ०.१ मोलालला गुणांक ०.७७८, १ ला ०.६५७, ६ ला ०.९८६. पहिलीच किंमत चुकली, तर लॉगचा पाया पाहा, पित्झरचं सूत्र नैसर्गिक लॉगमध्ये असतं, त्याला ०.५०९ नाही, ०.३९१ लागतो. पहिली जुळून शेवटची चुकली, तर बीटा आणि सी या पित्झरच्या गुणांकांच्या किमती पाहा. ही चाचणी मिश्रणाबद्दल काहीच सांगत नाही. मीठ काढल्यावर उरणाऱ्या मॅग्नेशियमयुक्त कडू पाण्यासाठी थिटा आणि साय (मिश्रणातल्या वेगवेगळ्या आयनांच्या एकमेकांवरील परिणामाचे गुणांक) भरलेत का, ते वेगळं पाहावं लागतं.