मेकअप ब्रश घरी धुताना पाणी कुठवर जाऊ द्यायचं आणि ब्रश कसा वाळवायचा

ब्रशचे केस गळायला लागले की दोष त्याच्या किमतीला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा पाणी असतं. केस आणि दांडा धरून ठेवणाऱ्या धातूच्या नळीत गोंद भरलेला असतो. तिथं वारंवार पाणी शिरलं, त्यातही गरम, की गोंद सुटतो. लाकडी दांडा फुगतो, वाळला की आकसतो आणि नळी हलायला लागते. तुळशीबागेतला साधा ब्रश नीट धुतला-वाळवला तर वर्षानुवर्षं साथ देतो. महागडा ब्रश मात्र पाण्याच्या ग्लासात उभा भिजत ठेवलात तर लवकरच हातचा जाईल.

फाउंडेशन आणि कन्सीलरचे ब्रश आठवड्यातून एकदा धुवा. ब्लश, पावडरचे दोन-तीन आठवड्यांनी धुतले तरी चालतं. लिपस्टिक आणि जेल लायनरचा ब्रश मात्र वापरल्या वापरल्या टिश्यूवर पुसा, नाहीतर तो काडीसारखा कडक होतो. लग्नघरी एकाच किटमधून सगळ्या बहिणी तयार होणार असतील तर डोळ्यांचे आणि ओठांचे ब्रश प्रत्येकीचे वेगळे ठेवा.

वाटीत पाव लिटर कोमट पाणी घ्या, त्यात एक छोटा चमचा बेबी शाम्पू टाका. पाणी मनगटाला जेमतेम ऊबदार लागलं पाहिजे. ब्रश कायम तोंड खाली करून धरा आणि केसांचा टोकाकडचा भागच बुडवा. तळहातावर हलकेच गोल फिरवा. दाबून फिरवलात तर केस फाकतात. वरवर ब्रश स्वच्छ दिसायला लागला तरी थांबू नका. मळ साठतो तो मध्यभागी, नळीच्या तोंडाशी. तिथं दोन बोटांनी चिमटीत धरून टोकाकडे ओढत न्या, मातकट फेस बाहेर येईल. तो पांढरा होईपर्यंत हेच करत राहा. मग तोंड खालीच ठेवून नळाच्या बारीक धारेखाली धुवा. शेवटी पांढऱ्या टिश्यूवर दाबून बघा. रंग उमटला तर अजून एक हात शाम्पूचा.

वॉटरप्रूफ फाउंडेशन किंवा मॅट लिपस्टिक नुसत्या शाम्पूनं निघत नाही. आधी टिश्यूवर खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब घेऊन त्यात ब्रश घोळवा. पुण्यात डिसेंबरमध्ये तेल थिजतं, तेव्हा ते तळहातावर चोळून पातळ करून घ्या. नंतर शाम्पू दोनदा लावायलाच हवा. तेलाचा अंश राहिला तर पुढच्या वेळी फाउंडेशन चेहऱ्यावर सारखं बसत नाही, ठिपके-ठिपके दिसतात.

साबणाची वडी आम्ही सुचवत नाही, आणि त्याला कारण पाणी आहे. खडकवासल्याहून येणाऱ्या नळाच्या पाण्यात ती एक वेळ चालेल. पण उपनगरांतल्या कितीतरी सोसायट्या बोअर आणि टँकरवर असतात. त्या जड पाण्यातल्या क्षारांशी साबणाची साय धरते, ती केसांवर बसते आणि ब्रश राठ होतो. बादलीवर पांढरे डाग पडत असतील तर शाम्पूच वापरा आणि शेवटचं धुणं फिल्टरच्या पाण्यानं करा. खऱ्या केसांच्या, म्हणजे बकरीच्या वगैरे केसांच्या ब्रशला थेंबभर कंडिशनर लावायला हरकत नाही. नायलॉनच्या ब्रशला त्याचा काही उपयोग नाही.

आता वाळवणं. बहुतेकांचं चुकतं ते इथंच. सुती कापडात केस हलकेच दाबून पाणी टिपा, बोटांनी मूळ आकार द्या. मग टेबलाच्या कडेला ब्रश आडवा ठेवा, केस कडेबाहेर अधांतरी राहतील असा. चारी बाजूंनी वारा लागतो आणि आकारही बिघडत नाही. उभा ठेवलात तर उरलेलं पाणी थेट गोंदात उतरतं. कडक ऊन नको, ड्रायरची गरम हवाही नको. डोळ्यांचे बारीक ब्रश रात्रभरात वाळतात, दाट केसांच्या जाड काबुकी ब्रशला पूर्ण दिवस द्या. जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस धरा आणि पंखा चालू ठेवा. ब्रश गालावर दाबून बघा, गार लागला तर आत ओल आहे. तसाच पाऊचमध्ये गेला तर कुबट वास येतो, पुढे बुरशी धरते. पावसाळ्यात म्हणूनच सगळे ब्रश एका दिवशी धुऊ नका.

घाईच्या वेळी मेडिकलमधलं 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून ब्रश टिश्यूवर पुसता येतो. 99 टक्क्यांचं घेऊ नका, ते जंतूंवर काम करण्याआधीच उडून जातं. गॅस, समई जवळ नसावी. थर चढलेल्या ब्रशवर फवारून मात्र काही साधत नाही, त्याला आधी धुवावाच लागतो. खऱ्या केसांवर हे रोज वापरू नका, ते कोरडे पडून तुटतात.

स्पंज ब्रशसारखा जपायचा नसतो. तो पूर्ण भिजवा, शाम्पू लावून पिळा, दर वापरानंतर धुवा आणि उघड्यावर वाळवा. आत काळे ठिपके दिसले तर फेकून द्या, ती बुरशी धुऊन जात नाही.

डोळे आले असतील तर त्या काळात वापरलेला मस्कारा आणि काजळ टाकून द्या. ब्रश धुऊन, पूर्ण वाळवून, 70 टक्क्यांचं अल्कोहोल फवारून मगच पुन्हा वापरा. नळी नुसती हलत असेल तर ब्रश टाकू नका. तो दोन दिवस कोरडा होऊ द्या, नळी ओढून काढा, आत एपॉक्सी गोंदाचा थेंब सोडून परत बसवा आणि रात्रभर हात लावू नका.