आयपी लाइनवरून फॅक्स नीट जावा म्हणून काय करावं

ऑफिसातली तांब्याची लाइन काढून आयपी फोन बसवला. बोलणं खणखणीत ऐकू येतं, पण फॅक्स तिसऱ्या पानावर मान टाकतो. लगेच मशीनवर खापर फोडू नका, ते बहुधा ठणठणीत असतं.

पॅकेटवर चालणारा फोन माणसाच्या कानासाठी घडवलेला आहे. आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडून तो सेकंदाला ५० पॅकेट पाठवतो. एखादं वाटेत हरवलं तर पलीकडचं उपकरण आधीच्या आवाजावरून अंदाजपंचे भर घालतो आणि आपल्या ते लक्षातही येत नाही. फॅक्सच्या किरकिरीत मात्र पानाचे बिट भरलेले असतात. सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाने २० मिलिसेकंदांत १९२ बिट जातात, तेवढे गेले की पानावर पट्टा उमटतो किंवा कॉलच तुटतो.

सुरुवात कानाने करा. त्याच आयपी व्यवस्थेवरच्या साध्या फोनवरून आपल्या फॅक्सचा नंबर लावा. मशीनने उचललं की सुमारे तीन सेकंद २१०० हर्ट्‌झची सरळ शिट्टी यायला हवी आणि मागोमाग सेकंदाला ३०० बिट वेगाची गुरगुर, म्हणजे मशीनचे ओळख-निरोप. शिट्टी थरथरत किंवा तुटत असेल, तर आवाज कुठेतरी दाबला जातोय. (ही तपासणी मोबाइलवरून करू नका. मोबाइलचा कोडेक, म्हणजे आवाजाचे आकडे करण्याची पद्धत, स्वतःच शिट्टीचा विचका करतो.)

मग फॅक्स ज्या डब्याला, म्हणजे साधं फोन-फॅक्स यंत्र आयपी लाइनला जोडणाऱ्या एटीएला जोडलाय, त्याचं सेटिंगचं पान उघडा. त्या पोर्टसाठी कोडेक फक्त जी.७११ ठेवा, तो आवाज फारसा दाबत नाही. त्याचे दोन प्रकार: भारतात आणि युरोपात ए-लॉ, अमेरिकेत आणि जपानात म्यू-लॉ. जी.७२९ यादीतून काढूनच टाका. सेकंदाला ६४ किलोबिटचा आवाज तो ८ किलोबिटमध्ये बसवतो, पण बोलण्याच्या हिशेबाने. फॅक्सचा त्यात चुराडा होतो. शांततेत पॅकेट न पाठवण्याची सोय बंद करा आणि जिटर बफर (पुढेमागे येणारी पॅकेट क्षणभर साठवून एका तालात सोडणारी जागा) आपोआप बदलणारा न ठेवता ठरावीक ठेवा. मध्येच त्याची लांबी बदलली की मोडेमचा ताल चुकतो. पॅकेटवरचा पत्ता वगैरे, म्हणजे हेडर धरून एका कॉलला प्रत्येक दिशेने सेकंदाला किमान ८० किलोबिट लागतात, म्हणून राउटरवर या रहदारीला अग्रक्रम द्या.

एवढं करूनही हा आवाजाच्याच वेषातला फॅक्स झाला. खरा इलाज टी.३८, आयपीवरून फॅक्स पाठवण्याचा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ मध्ये ठरवलेला नियमसंच. यात गेटवे (फॅक्स आणि आयपी लाइन यांच्यामधलं उपकरण, इथे आपला डबा) फॅक्सचे सूर स्वतः ऐकून उलगडतो, आतले बिट काढून पॅकेटमध्ये भरतो, आणि पलीकडचा गेटवे त्या बिटांवरून नव्याने सूर वाजवतो. प्रत्येक पॅकेटसोबत आधीच्या पॅकेटांतल्या मजकुराच्या प्रती जोडता येतात, त्यामुळे एखाददुसरं हरवलं तरी निभावतं. ३०० बिटच्या निरोपांसाठी प्रती जास्त ठेवा. निरोप छोटे असतात, पण एक गळाला तरी संवाद अडतो.

मेख अशी की टी.३८ दोन्ही टोकांना आणि मधल्या सेवा कंपनीलाही कळायला हवा. डब्याच्या सेटिंगमध्ये नुसती टी.३८ वर खूण करून भागत नाही. कॉल आवाज म्हणूनच सुरू होतो आणि फॅक्सची चाहूल लागल्यावर दुसऱ्यांदा इन्व्हाइट (कॉल जोडण्याचा निरोप) जातो, त्यात ऑडिओच्या जागी इमेज लिहिलेलं असतं. डब्याच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत, तो शोधा. त्याला उत्तर म्हणून ४८८ आलं असेल, तर समोरच्याने नकार दिलाय. आता कंपनीला फोन करा. ‘फॅक्स चालतो का’ असं विचाराल तर हो म्हणतील. ‘टी.३८चा री-इन्व्हाइट स्वीकारता का’ असं विचारा.

आता मशीनकडे वळा. सेकंदाला ३३,६०० बिटचा सुपर जी३ हा वेगवान फॅक्स प्रकार बंद करा, कारण टी.३८च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना तो पेलत नाही. वेग ९६०० वर बांधा. १४,४०० वरही जाईल, पण चार-सहा सेकंद वाचवायला मी तो धोका पत्करत नाही. ईसीएम म्हणजे चूक दुरुस्तीची सोय टी.३८ असेल तर चालू ठेवा. नुसता जी.७११ आणि वर पॅकेट गळणारी लाइन असेल, तर तेच तुकडे पुन्हापुन्हा मागवत ती कॉल रखडवते. तिथे बंद करा आणि एखादा पट्टा सहन करा. आकडे असलेले कागद मात्र असे पाठवू नका. तीनचा आठ झालेला कोणाला कळणार?

शेवटी चाचणी, आणि ती एका पानाची नको. जी.७११वर दोन टोकांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखात ५० भागांचा फरक असला, तरी ४०० सेकंदांत २० मिलिसेकंदांची तूट किंवा जादा साठते आणि बफरला एक घास गाळावा किंवा घालावा लागतो. म्हणूनच छोटा फॅक्स सुखरूप जातो आणि लांबलचक अडतो. फोटो असलेली दहा-बारा पानं पाठवा, मग मशीनचा अहवाल छापून त्यातला वेग आणि पानांची संख्या बघा.

सगळं जुळलं की सेटिंगच्या पानाचा फोटो काढून ठेवा. डबा कधी फॅक्टरी रीसेट झाला, तर यादीत जी.७२९ परत येऊन बसू शकतो.