जुना सीएनसी राउटर घेतलाय? आधी कंट्रोलर बघा

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींकडे जुना राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन, स्वस्तात मिळाला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘सॉफ्टवेअर कोणतं टाकू?’ थांबा. आधी कंट्रोलर, म्हणजे मशीनला हुकूम देणारा भाग, बघा. पेनड्राइव्ह लावायचा, हातात धरायचा डीएसपी कंट्रोलर आहे, की पीसीवरचं माक-३ सॉफ्टवेअर? टूलपाथ (कटरने चालायची वाट) काढताना पोस्ट-प्रोसेसर (ती वाट मशीनच्या भाषेत उतरवणारा भाग) कंट्रोलरच्याच जोडीचा निवडायचा. तो चुकला तर मशीन ढिम्म हलत नाही, नाहीतर भलतीकडे धावतं.

चित्र काढायला फुकटचं इंकस्केप पुरे. महागडं पॅकेज नंतर. देवनागरी पाटी करणार असाल तर अक्षरं आधी पाथमध्ये (नुसत्या बाह्यरेषांमध्ये) बदला, मग शिरोरेषा एकमेकींवर चढतात तिथे ‘युनियन’ करून त्या एकजीव करा. मी हे विसरलो होतो. कटरने प्रत्येक अक्षराची हद्द इमानदारीत वेगळी कोरली आणि ‘श्री गणेश’च्या डोक्यावर आडव्या रेषेत उभ्या चिरा पडल्या. १८ मिमीचा एमडीएफ बोर्ड वाया!

युनिट मिलिमीटरच ठेवा. इंचाची गल्लत झाली तर माप २५.४ पटीने चुकतं. नवी फाइल पहिल्यांदा झेड (कटरची उंची) वर उचलून, स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) बंद ठेवून हवेतच फिरवा. हात इमर्जन्सी बटणावर.