नो-बेक कुकीज मुलांसोबत करताय? आधी पाकाकडे बघा, आणि या चुका टाळा

ओव्हन लागत नाही म्हणजे बिघडण्यासारखं काही नाही, अशा समजुतीने नो-बेक कुकीज करायला घेतल्या जातात. मग तासाभराने थाळीत चॉकलेटी लापशी पसरलेली असते आणि पोरं चमचे घेऊन बसलेली असतात. ओट्सच्या या कुकीजना भट्टी लागत नाही, पण पाक लागतो. पाक आला की नारळाच्या वड्यांचे सगळे नखरे आले. त्यात ठाणे-नवी मुंबईची खाडीकाठची दमट हवा. साखर ओलावा ओढून घेते, त्यामुळे कोरड्या हवेच्या गावातून आलेली कृती घोडबंदर रोडला किंवा नेरुळला जुलैत जशीच्या तशी चालत नाही.

१४ ते १६ कुकीजचं प्रमाण असं: साखर २०० ग्रॅम, दूध ६० मिली, बटर ५५ ग्रॅम, कोको पावडर १५ ग्रॅम, पीनट बटर ६० ग्रॅम, क्विक ओट्स १४० ग्रॅम, व्हॅनिला इसेन्स अर्धा टीस्पून. पाकिटातलं नेहमीचं पिवळं बटर खारं असतं, त्यामुळे वेगळं मीठ नको. वजनकाटा असेल तर तोच वापरा. घरातल्या वाट्यांची मापं एकमेकींशी जुळत नाहीत, आणि इथे दोन चमचे दूध जास्त पडलं तरी कुकी बसत नाही.

उकळी आली असं वाटतं, पण आलेली नसते

सगळ्यात जास्त कुकीज इथे फसतात. साखर, दूध, बटर, कोको एकत्र करून आधी मंद आचेवर साखर पूर्ण विरघळू द्या. डावाच्या पाठीला कणी लागायला नको. घाईने आच वाढवली तर न विरघळलेले दाणे कडेला चिकटतात आणि कुकी खाताना दाताखाली कचकच येते. मग मध्यम आच. कडेने बुडबुडे दिसू लागतात, पण ती उकळी नव्हे. मधोमध पाक वर चढायला लागला आणि ढवळूनही बुडबुडे खाली बसत नाहीत, ती खरी उकळी. तिथून घड्याळ लावून ६० सेकंद. पावसाळ्यात ७५.

घड्याळावर भरवसा नसेल तर आजीची पद्धत आहेच. वाटीत गार पाणी घ्या, त्यात पाकाचा थेंब टाका आणि बोटांनी गोळा करा. मऊ गोळी वळली की गॅस बंद. थेंब पाण्यात विरला तर आणखी १५ सेकंद. गोळी टणक झाली तर पाक पुढे गेलाय, लगेच खाली उतरवून एक चमचा गरम दूध घाला. थर्मामीटर असेल तर ११० ते ११४ अंश सेल्सिअसच्या आसपास थांबायचं.

भांडं जाड बुडाचं आणि लहान हवं. पसरट कढईत एवढासा पाक घेतला तर पाणी भराभर उडतं आणि साठाव्या सेकंदालाच कुकी भुसभुशीत व्हायची वेळ येते.

गॅस बंद केल्यावर पीनट बटर आणि इसेन्स, मग ओट्स. तेल वर तरंगणारं पीनट बटर असेल तर बाटलीत आधी तळापर्यंत ढवळून घ्या, नाहीतर नुसतं तेल पडतं आणि कुकीखालचा कागद तेलकट होतो.

ओट्स आणि कोकोचं पाकीट नीट वाचा

जाड रोल्ड ओट्स तसेच घातले तर ते पाक पीत नाहीत. कुकी बसते, पण हातात घेतली की सुटते. मिक्सरला दोन-तीनदा फक्त पल्स द्या, पीठ करू नका. मसाला ओट्सबद्दल सांगायलाच नको, पण घाईत डब्यातून काढताना ही चूक होते आणि चॉकलेटला जिऱ्या-हळदीचा वास लागतो. कोकोच्या जागी ड्रिंकिंग चॉकलेटही चालत नाही. त्यात बरीचशी साखरच असते, रंग फिका येतो आणि पाकाचं गणित बिघडतं. कोको चाळून घ्या, त्याच्या गुठळ्या पाकात फुटत नाहीत.

पावसाळ्यात ओट्स कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं कोरडे परता. ओलावा जातो, खमंगपणाही येतो. हे आमच्या मते वर्षभर करावं, पण जून ते सप्टेंबर तर नक्कीच.

बसल्या नाहीत, आता काय?

अर्धा तास थांबा. मग थाळी फ्रीजमध्ये २० मिनिटं. तरीही चिकट असतील तर पाक कच्चा राहिलाय. ओट्ससकट मिश्रण पुन्हा उकळू नका, त्याची खीर होते. हाताला तूप लावून लहान लाडू वळा आणि भाजलेल्या डेसिकेटेड कोकोनटमध्ये घोळवा. ओलं खोबरं नको, त्याचं पाणी सुटतं आणि उकाड्यात ते एका दिवसात आंबतं. हे लाडू फ्रीजमध्येच ठेवायचे. उलट कुकीज कोरड्या पडून चुरा होत असेल तर एक-दोन चमचे गरम दूध शिंपडून मिश्रण थाळीत दाबून बसवा आणि वड्या पाडा. मुलांना गोल काय, चौकोनी काय, सारखंच.

हात ओले करून वळणं ही मोठ्यांचीच सवय आहे, मोदकाच्या उकडीची. इथे पाण्याने वरची साखर विरघळते आणि कुकी कायमची चिकट राहते. तूपच लावा.

मुलांना कुठल्या टप्प्यावर बोलवायचं

पाक उकळत असताना मूल ओट्याजवळ नको, स्टुलावर तर नकोच. पाक उकळत्या पाण्यापेक्षा गरम असतो आणि कातडीला चिकटून बसतो. भाजलंच तर नळाच्या गार, वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरायचं. बर्फ नको, टूथपेस्ट नको. फोड आले किंवा मोठा भाग भाजला तर डॉक्टरांकडे न्या.

अडचण अशी, की ओट्स घातल्यावर मिश्रण दोन-तीन मिनिटांत आवळायला लागतं, पण आत ते बराच वेळ गरम राहतं. म्हणजे मुलाच्या हातासाठी थांबलात तर ते भांड्यातच बसतं. म्हणून चमच्याने कागदावर गोळे टाकायचं काम मोठ्यांचं. दहा मिनिटांनी, हाताच्या पाठीला कोमट लागलं की, मुलांनी तूप लावलेल्या वाटीच्या बुडाने ते चपटे करायचे आणि वर टूटीफ्रूटी किंवा तीळ दाबायचे. गॅस पेटवण्याआधीही त्यांना भरपूर कामं असतात: ओट्स काट्यावर मोजणं, कोको चाळणं, बटर पेपर फाडून थाळीला लावणं. तीन वर्षांचं मूलही कागद लावतं, वाकडा लावतं, चालतं. वर्तमानपत्र मात्र कागद म्हणून वापरू नका, शाई लागते.

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, बदाम, काजू देऊ नका. ते घशात अडकू शकतात, म्हणून कूट करा. बरोबर शेजारची मुलं असतील तर शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, हे पाकीट उघडण्याआधी त्यांच्या आईबाबांना विचारा.

पाक नकोच असेल तर बिस्किटांचा रोल

चार वर्षांखालच्या मुलांसोबत पाकाच्या भानगडीत न पडता हेच करावं. मारी बिस्किटं २०० ग्रॅम, कोको १५ ग्रॅम, वितळवलेलं बटर ४० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क साधारण १५० ग्रॅम.

बिस्किटं सादळलेली असतील तर रोल चिवट होतो. आधी कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं गरम करून पूर्ण गार करा, म्हणजे कुरकुरीत होतील. मग जाड झिप पिशवीत भरून मुलाच्या हातात लाटणं द्या. पिशवीतली हवा आधी काढा, नाहीतर पहिल्याच दणक्याला ती फुटते. बिस्किटांचा थर पातळ ठेवा आणि आपटण्यापेक्षा लाटायला सांगा. तूरडाळीएवढे तुकडे दिसायला हवेत, थोडी पूड झाली तरी हरकत नाही. मिक्सरमधून काढलेल्या पिठाचा रोल मऊ हलव्यासारखा लागतो आणि कंडेन्स्ड मिल्कही जास्त पितो.

कंडेन्स्ड मिल्क तीन वेळा विभागून घाला. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला की थांबायचं, डबा संपवायचा म्हणून ओतायचं नाही. उरलेलं काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा, उघड्या टिनमध्ये नको. मिश्रण चिकट झालं तर दोन-तीन बिस्किटं आणखी चुरा, सुटं राहिलं तर एकेक चमचा दूध. चार सेंटिमीटर जाडीचा रोल बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळून दोन तास फ्रीजमध्ये, मग एक सेंटिमीटरच्या चकत्या. सुरी मोठ्यांच्या हातात.

वरून चॉकलेट लावायचं तर कंपाउंड घ्या. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं, ते टेम्परिंगशिवाय (म्हणजे ठरावीक तापमानाला वितळवून-गार करण्याच्या खटाटोपाशिवाय) बसतं. कोको बटरवालं चॉकलेट साधं वितळवून लावलं तर पांढरे पट्टे येतात, आणि कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे मे महिन्यातल्या ठाण्याच्या दुपारी ते बोटांना लागणारच. भांडं आणि चमचा खडखडीत कोरडा हवा. वाफेचा एक थेंब पडला तरी चॉकलेट आवळून गुठळी होते. मग ते लावण्याच्या कामाचं राहत नाही, गरम दूध घालून सॉस करा.

एक गोष्ट अजिबात करू नका: कच्च्या मैद्याचं किंवा कणकेचं ‘कुकी डो’ मुलांना खायला देणं. पीठ कच्चंच असतं आणि त्यात ई. कोलायसारखे जंतू असू शकतात. पीठ हवंच असेल तर बेसन तुपात खमंग भाजून घ्या.

डबा आणि फ्रीज

फ्रीजमधून काढलेल्या कुकीजना आपल्या हवेत लगेच घाम फुटतो. डबा बाहेर काढल्यावर झाकण २० मिनिटं उघडायचं नाही, पाणी डब्याच्या बाहेरच्या बाजूला जमू द्यायचं. थरांमध्ये बटर पेपर घाला. ओट्सच्या कुकीज फ्रीजमध्ये आठवडाभर छान राहतात, बिस्किटांचा रोलही. शाळेच्या डब्यात मात्र पाकाच्या ओट्स कुकीजच द्या, चॉकलेट लावलेल्या नकोत, मधल्या सुट्टीपर्यंत त्यांचा डब्याच्या झाकणाला लेप होतो. काही शाळांत शेंगदाणे चालत नाहीत. तेव्हा पीनट बटर गाळून बटर १५ ग्रॅमनी वाढवा आणि ओट्स चमचाभर जास्त घाला.